पंचेचाळीस फूट



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच मला वाचनालयाच्या याच सभागृहात दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला. तेव्हा इथं खुर्च्या नव्हत्या, सतरंज्या होत्या. मागच्या भिंतीशी टेबलावर सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर असायचा. एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत सर पुढं येऊन बोलायचे. बेनेगलांचा ‘मंथन’ लावला त्या रात्री फिल्म सोसायटीच्या सभासदांपेक्षा आजूबाजूच्या गावांतले दूध घालणारे लोक जास्त होते. सर स्वतः सायकलवरून डेअऱ्यांवर जाऊन त्यांना बोलावून आले होते. दुसरं रीळ संपलं, दिवे लागले आणि मागून एका दूध संस्थेचे सेक्रेटरी उभे राहिले. म्हणाले, “सर, त्या बाईच्या म्हशीला फॅट किती लागली?” कोणी हसलं नाही. सगळ्या सभागृहाला तोच प्रश्न पडला होता.

सरांनी उत्तर दिलं नाही. “हा प्रश्न तुम्हाला पडला, यातच दिग्दर्शकाचं काम झालं,” एवढंच म्हणाले आणि दिवे घालवले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पुढे मी मुंबईला गेलो, जाहिरातपटांच्या संकलनात शिरलो, आयुष्यातली तीसएक वर्षं त्या टेबलापाशी काढली. तिथं बसून हळूहळू कळत गेलं. आज इथं बोलायला बोलावलंत, तेव्हा दुसरा कुठला विषय मनात आलाच नाही.

आमच्या धंद्यात लांबी मिनिटांत सांगत नसत, फुटांत सांगत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची सोळा चित्रं म्हणजे एक फूट. सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. म्हणजे एका सेकंदाला दीड फूट, आणि तीस सेकंदांच्या जाहिरातीला पंचेचाळीस फूट. सातशे वीस चित्रं, त्यापुढे एकही नाही. त्यातली शेवटची चार-पाच सेकंदं पॅक शॉटची, म्हणजे साबणाच्या वडीची किंवा चहाच्या पुड्याची. उरलेल्या अडतीस-एकोणचाळीस फुटांत तुम्हाला एक घर दाखवायचं, त्या घरातली बाई कोण आहे ते सांगायचं, तिचा नवरा, तिची सासू, तिची अडचण आणि त्या अडचणीवरचा उपाय दाखवायचा. हे काम हातानं केलेल्या माणसाला बेनेगलांचा ‘अंकुर’ वेगळा दिसतो. मी तरी तो तसाच पाहत आलो.

बेनेगलांचा जन्म १४ डिसेंबर १९३४चा, सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीचा. घर कोंकणी बोलणारं, चित्रापूर सारस्वतांचं. गुरुदत्त नात्यातले. वडील व्यवसायानं छायाचित्रकार, त्यामुळे घरात कॅमेरा ही हाताशी असलेली वस्तू होती. वयाच्या बाराव्या वर्षी या मुलानं वडिलांच्या कॅमेऱ्यावर आपला पहिला छोटा चित्रपट केला. पुढे अर्थशास्त्र शिकले, हैदराबादेत फिल्म सोसायटी काढली आणि मुंबईला आले. १९५९मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेत कॉपीरायटर म्हणून लागले. त्या दिवसापासून ‘अंकुर’ पडद्यावर येईपर्यंत पंधरा वर्षं गेली. ‘अंकुर’ची गोष्ट मात्र त्यांनी कॉलेजात असतानाच कथा म्हणून लिहिलेली होती.

या पंधरा वर्षांबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे: पोटासाठी जाहिराती केल्या, संधी मिळाल्यावर खरं काम केलं. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. माहितीपट आणि जाहिरातपट मिळून नऊशेच्या वर लघुपट बेनेगलांच्या नावावर सांगितले जातात. नऊशे वेळा कोणाच्या तरी पैशानं, कोणाच्या तरी कामासाठी, कोणा तरी अनोळखी प्रेक्षकाला उद्देशून चित्रपट करायचा. प्रत्येक वेळी तीन माणसं डोळ्यांसमोर ठेवायची: पैसे देणारा, पाहणारा, आणि ज्याच्याबद्दल आपण बोलतो आहोत तो. या तिघांची गाठ कशी घालायची, कुणाला कुठं थांबवायचं, हे बेनेगल तिथं शिकले. पुढे चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर त्यांनी जे केलं, त्याच्या मुळाशी हेच शिक्षण आहे. आज मला एवढंच सांगायचं आहे आणि ते पुराव्यानिशी सांगायचं आहे.

‘अंकुर’चा पैसा कुठून आला ते बघा. ब्लेझ नावाची कंपनी होती. मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवायच्या जाहिरातपटांचं वितरण हा तिचा व्यवसाय. पत्र्याच्या डब्यांतून त्या जाहिराती देशभरच्या थिएटरांत जायच्या. बारा-पंधरा वर्षं बेनेगल ‘अंकुर’चं बाड घेऊन निर्मात्यांचे उंबरे झिजवत होते. शेवटी पैसे घातले ते ब्लेझच्या मोहन बिजलानी आणि फ्रेनी वरियावा यांनी. हिंदी चित्रपटाच्या नेहमीच्या बाजारातून तो पैसा आला नाही. या माणसाला दिलेल्या वेळेत, दिलेल्या पैशात काम पुरं करताना ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, त्यांनी तो दिला.

आणि माणसं? छायालेखक गोविंद निहलानी जाहिरातपटांत बेनेगलांबरोबर होते. संगीतकार वनराज भाटिया हे तर मुंबईच्या जिंगलचे राजे. ‘अंकुर’ला पार्श्वसंगीत अगदी थोडं आहे. जिंगल करणारा संगीतकार किती गप्प राहू शकतो, ते तिथं ऐकावं. तीस सेकंदांत सूर ठसवायचा सराव असलेल्यालाच कुठं सूर नको हे कळतं, असं माझं मत आहे.

‘अंकुर’मध्ये जमीनदाराचा मुलगा सूर्या गावातल्या शेतावर येऊन राहतो. झाडलोट करणारी लक्ष्मी तिथं आहे. तिचा नवरा किष्टय्या मुका-बहिरा कुंभार. आता एक माणूस मुका-बहिरा ठेवल्यावर दिग्दर्शकाच्या हातात उरतं काय? हात, डोळे, चालण्याची ढब. साधू मेहेर यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि शबाना आझमी यांना पहिल्याच चित्रपटासाठी. शेवटी किष्टय्या परत येतो, काम मागायला सूर्याकडे निघतो. सूर्याला वाटतं, हा सूड घ्यायला आला. तो त्याला चाबकानं मारतो. लक्ष्मी धावत येते, तिचा तळतळाट सगळ्या शेतावर ऐकू जातो. सगळे पांगतात. मग एक लहान पोरगा दगड उचलतो, घराच्या खिडकीवर भिरकावतो, काच फुटते आणि पडदा लाल होतो.

तो शेवटचा तुकडा मी संकलकाच्या डोळ्यांनी अनेकदा पाहिला आहे. पोरगा, दगड, काच, लाल रंग. जिथं पॅक शॉट यायचा तिथं हे आलं आहे. सबंध चित्रपटाचं बोलणं शेवटच्या काही फुटांत एका वस्तूवर आणून ठेवायचं, ही जाहिरातीची शिस्त. ती वस्तू कुणी विकत घ्यायची नाही, एवढाच फरक. पण केवढा मोठा फरक!

आता ‘मंथन’कडे येतो, कारण माझ्या मते बेनेगलांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली तिथं आहे.

‘मंथन’ १९७६चा. गुजरातेतल्या सहकारी दूध चळवळीवर बेनेगलांनी आधी माहितीपट केले होते. माहितीपट पाहतात कोण, तर ज्यांना विषय आधीच पटलेला असतो ते. म्हणून या विषयावर कथापट करावा असं ठरलं. कथा बेनेगल आणि या चळवळीचे नेते डॉ. वर्गीज कुरियन यांची, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे. खर्च दहा लाख रुपये. ते कुठून आणायचे? कुरियन यांनी मार्ग काढला: गुजरातेतल्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनी दुधाच्या पैशातून प्रत्येकी दोन रुपये द्यायचे. पाच लाख शेतकऱ्यांनी दिले. पाच लाख निर्माते! चित्रपट लागल्यावर हीच माणसं ट्रक भरभरून तो पाहायला आली. आपला सिनेमा म्हणून आली.

आता आपण दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून बघू. तुमचे क्लायंट पाच लाख दूधवाले आहेत आणि त्यांची शिखरसंस्था आहे. कोणीही व्यवहारी माणूस काय करील? चळवळीचा जयजयकार करील. शेवटी दुधाच्या नद्या वाहताना दाखवील. बेनेगलांनी काय दाखवलं? डॉ. राव नावाचा शहरी पशुवैद्य गावात येतो, लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. खाजगी डेअरीचा मालक दूध कमी भावात घेतो, ते लोकांना कळतं, तरी ते त्याच्यावरच अवलंबून आहेत. सहकारी संस्था उभी राहते आणि लगेच तिच्या निवडणुकीत जात उभी राहते. सरपंच एका रांगेत दलितांबरोबर उभं राहायला तयार नाही. डॉ. राव स्वतः पुरता निर्मळ नाही. दूध घालणाऱ्या बिंदूबद्दल त्याला जे वाटतं ते त्याला पेलत नाही, आणि शेवटी तो गाव सोडून जातो. संस्था उरते ती भोलासारख्या, आधी अडून बसलेल्या, फटकळ तरुणाच्या हातात. पैसे देणाऱ्याच्या तोंडावर त्याच्याच संस्थेतली जात मांडायला धैर्य लागतं. ते धैर्य त्यांनी आरडाओरडा न करता वापरलं. क्लायंटला न दुखवता खरं सांगायची सवय ज्याला पंधरा वर्षांत लागली, त्यालाच हे जमतं.

आणि तो फॅटचा प्रश्न. दूध घालणाऱ्या बाईचा सगळा हिशेब त्या आकड्यावर. तो आकडा मोजणाऱ्याच्या हातात आहे की तिच्या डोळ्यांसमोर आहे, यावर तिची गुलामी किंवा मोकळीक ठरते. त्या सेक्रेटरींना सिनेमातली बाई खरी वाटली, म्हणून तिचा आकडा हवासा वाटला. सर म्हणाले ते हेच.

या चित्रपटाला प्रीती सागर यांनी गायलेलं ‘मेरो गाम काथा पारे’ हे गाणं आहे. संगीत अर्थात वनराज भाटियांचं. पुढे अमूलनं तेच गाणं दूरदर्शनवरच्या जाहिरातीत घेतलं. जिंगलवाल्या संगीतकारानं सिनेमासाठी गाणं केलं आणि तेच पुन्हा जाहिरातीत आलं. जाहिरात, सिनेमा, दूरचित्रवाणी या तीन माध्यमांतल्या भिंती आपण घातलेल्या आहेत. सूर त्यांतून सहज ये-जा करतात.

मराठी माणसाला ‘भूमिका’ जवळची, कारण ती हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेली आहे. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही मुलगी बेनेगलांना कुठं दिसली? मुंबई दूरदर्शनवर, मराठी बातम्या वाचताना. दूरचित्रवाणीच्या छोट्या चौकटीत नुसता चेहरा आणि आवाज असतो. त्यावरून माणूस पारखायचा, ही पुन्हा जाहिरातवाल्याची नजर. ‘कोंडुरा’ही इथं आठवतो. खानोलकरांची कोकणातली कादंबरी बेनेगलांनी हिंदीबरोबर तेलुगूतही केली. मला तो पूर्ण जमलेला वाटत नाही. समुद्राची ती भीती आंध्रात नेली की निसटते. पण एका मराठी कादंबरीवर एवढा जीव लावणारा दिग्दर्शक आपल्याला मिळाला, याचं ऋण आपण पुरतं मानलेलं नाही. गोव्यातही त्यांनी असंच मन घातलं. ‘त्रिकाल’चं चित्रीकरण लोटलीला, मारिओ मिरांडांच्या घरात झालं. १९६१च्या गोवा मुक्तीच्या तोंडावर असलेलं एक पोर्तुगीजाळलेलं घर त्यांनी बाहेरून येऊन आतून पाहिलं.

दूरचित्रवाणीकडे बेनेगल वळले ते धारावाहिकांच्या सुकाळात, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९७०च्या सुमाराला होमी भाभा फेलोशिपवर ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कला मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्या चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉपमध्ये आणि बॉस्टनच्या दूरचित्रवाणी केंद्रावर काम केलं. १९७५मध्ये उपग्रहावरून खेड्यांत कार्यक्रम पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं, गावात एक सार्वजनिक संच, समोर जमिनीवर बसलेली मुलं. या प्रयोगासाठी बेनेगलांनी मुलांकरता २१ लघुपट केले. त्यात भेटलेली बरीच मुलं पुढे ‘चरणदास चोर’मध्ये दिसली. हबीब तन्वीरांच्या छत्तीसगढी मंडळींबरोबर त्यांनी तो बालचित्रपट केला.

मग १९८६ची ‘यात्रा’. रेल्वेसाठी केलेली मालिका. कन्याकुमारीहून जम्मूला जाणारी हिमसागर एक्सप्रेस, आणि सुट्टीवरून पलटणीकडे परतणारा ओम पुरींचा सैनिक. पैसे देणारी रेल्वे. दिसतो मात्र डबा, आणि डब्यात शेजारी बसलेली माणसं.

‘भारत एक खोज’बद्दल थोडं जास्त बोलतो. १९८८मध्ये ती सुरू झाली. त्रेपन्न भाग. मूळ पुस्तक नेहरूंनी आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. तो किल्ला इथून काही फार लांब नाही, पण आपल्यातले कितीजण त्या कोठडीत जाऊन आले असतील? पाच हजार वर्षं त्रेपन्न तासांत. हिशेब केला तर शतकाला एक तास येतो. म्हणजे पुन्हा तेच पंचेचाळीस फुटांचं गणित, फक्त माप वेगळं.

हे गणित त्यांनी कसं सोडवलं? महाभारत आलं तिथं तीजनबाईंना हातात तंबोरा देऊन पंडवानी गायला उभं केलं. ज्या काळाची गोष्ट लोकांच्या तोंडी अजून जिवंत आहे, ती लोकांच्या तोंडूनच घेतली. गुरुदत्तांच्या चित्रपटांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांना कॅमेऱ्यामागे आणलं. रोशन सेठ यांचे नेहरू मधूनच येऊन बोलतात, शंका काढतात. नासदीय सूक्ताचं हिंदी रूप वसंत देव यांनी केलं, त्याला चाल वनराज भाटियांनी दिली, आणि रविवारी घराघरांत तो घोष उठला की रस्त्यावरची पोरं आत यायची. शिवाजी महाराज नसीरुद्दीन शाह यांनी केले, औरंगजेब ओम पुरींनी. जोतीराव फुले सदाशिव अमरापूरकरांनी. आमच्या घरी माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली. फुल्यांचा भाग पाहताना ती पदर तोंडाला लावून बसली होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “त्यांच्या पुस्तकात आणखी काय आहे, वाचून दाखव.” वाचनालयातून मी पुस्तक आणलं. याच वाचनालयातून.

सगळंच त्यांना सारखं साधलं असं मी म्हणणार नाही. प्रायोजकाचा विषय जिथं जड झाला तिथं चित्रपट वाकलेला दिसतो. पश्चिम बंगाल सरकारसाठी केलेला ‘आरोहण’ आणि विणकरांवरचा ‘सुस्मन’ हे प्रामाणिक चित्रपट आहेत, पण त्यांत माणसांपेक्षा मुद्दा मोठ्यानं बोलतो. ‘सुस्मन’मध्ये माग चालतो तेव्हा मी श्वास रोखून पाहतो, आणि पात्रं सहकाराबद्दल बोलू लागली की मागे रेलतो. भारत आणि बांगलादेश यांच्या सहकार्यातून झालेला २०२३चा ‘मुजीब’ मला त्यांच्या हातचा वाटतच नाही. त्यात नायकाला चूक करायची मुभाच नाही. ‘मंथन’च्या डॉ. रावला ती होती. तीच गोष्ट ‘संविधान’ मालिकेची, पण उलट बाजूनं. २०१४मध्ये राज्यसभा वाहिनीसाठी केलेले ते दहा भाग. एका सभागृहात माणसं बसून बोलतात, एवढाच ऐवज. त्यात सचिन खेडेकरांचे बाबासाहेब. वाद कसा घालावा, दुसऱ्याचं ऐकून आपलं वाक्य कसं बदलावं, हे त्या दहा भागांत इतकं स्वच्छ दिसतं की शाळाशाळांतून ते दाखवायला हवेत. पैसा सरकारी वाहिनीचा होता. तरी माणसं माणसांसारखी अडखळतात.

बेनेगलांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९६६पासून ‘अंकुर’च्या सुमारापर्यंत शिकवलं आणि पुढे दोनदा तिचं अध्यक्षपद सांभाळलं. तिथून निघालेली मुलं सिनेमात किती गेली आणि जाहिरातीत किती, याची मोजदाद करून जाहिरातीकडे गेलेल्यांना वाया गेलेले समजणारी एक पिढी होती. माझ्या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांना मी उलट सांगत आलो. स्टॉपवॉच हातात घेऊन वाक्य मोठ्यानं वाचा. तीस सेकंदांत बसत नसेल तर शब्द काढा. काढता काढता काय उरतं ते बघा, कारण तुम्हाला काय म्हणायचं होतं ते त्या उरलेल्यात असतं.

२३ डिसेंबर २०२४ला बेनेगल गेले. नव्वदावा वाढदिवस होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत त्यांना निरोप दिला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘मंथन’ची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवली गेली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ते काम केलं आणि खर्च उचलला गुजरातच्या दूध महासंघानं. अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच शेतकऱ्यांची संस्था पुन्हा निर्माती झाली. जूनमध्ये ती प्रत देशभरच्या थिएटरांत लागली.

त्या दुरुस्तीतली एक गोष्ट माझ्यासारख्या संकलकाला फार लागली, ती सांगून थांबतो. चित्र मूळ निगेटिव्हवरून घेतलं. ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली होती. आवाज मात्र पस्तीस मिलिमीटरच्या एका प्रदर्शनाच्या प्रतीवरून उचलावा लागला. ती प्रत थिएटरांसाठी काढलेली, प्रोजेक्टरच्या दातांवरून सरकण्यासाठीच काढलेली. बिंदूचं बोलणं, गाडीची शिट्टी आणि प्रीती सागर यांचं ते गाणं आज आपण ऐकतो ते त्या प्रतीवरून.